उसना नायक आणि स्वतःची जबानी

व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी पदरचे पैसे घालून आणि मित्रमंडळींना गोळा करून काढलेले छोटे चित्रपट हा विषय या पृष्ठांवर पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. पाश्चात्त्य देशांतील सुस्थित पोरांच्या रिकामपणाच्या उद्योगाशी दलित साहित्यविचाराला काय देणेघेणे, असे विचारले जाईल. हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. यांतले बहुसंख्य चित्रपट निव्वळ हौसेचे आहेत, आणि हौसेला समीक्षेची गरज नसते. तथापि आपल्या साहित्याच्या आरंभापासून आपल्या मागे लागलेला एक प्रश्न या क्षेत्रात अत्यंत उघड्या स्वरूपात उभा राहिलेला दिसतो. ज्याच्या हाती स्वतःची साधने नाहीत, त्याने दुसऱ्याच्या मालकीच्या साधनांनी, दुसऱ्याने घडवलेल्या नायकाच्या तोंडाने बोलावे काय? आणि तो बोलला, तर ते बोलणे कोणाचे? या चित्रपटांकडे मी याच प्रश्नासाठी वळलो आहे.

या प्रकाराची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९९६ साली अमेरिकेत ‘क्वेक’ नावाचा बंदुकबाजीचा खेळ निघाला. त्याच वर्षी तो खेळणाऱ्या ‘रेंजर्स’ नावाच्या एका टोळक्याने खेळातल्याच बाहुल्या हलवून, खेळातल्याच जागेत दीड-दोन मिनिटांची एक मूक गोष्ट रचली. तिचे नाव ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’. दबा धरून बसलेल्या एका शत्रूला बाकीचे मारतात, आणि शेवटी त्याचे मुंडके पाहतात तर ते खेळ बनवणाऱ्या जॉन रोमेरोचेच निघते! थट्टा प्रेमाची होती, हे खरे. तरी या प्रकारातल्या पहिल्याच कृतीत निर्मात्याचे डोके उडवले जावे, ही गोष्ट मला सूचक वाटते. पुढे मात्र हे डोके उडवणे मागे पडले आणि त्याची आरती ओवाळणे सुरू झाले.

कसे ते पाहू. २००९ साली कॅनडातल्या टोरांटोच्या परिसरात पर्चेस नावाच्या दोन भावांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळावरून ‘एस्केप फ्रॉम सिटी १७’ हा अवघ्या काही मिनिटांचा चित्रपट काढला. खर्च ५०० डॉलर. पैसा नाही, माणसे नाहीत, संहिता नाही, अशा अवस्थेत हे काम केले, अशी जाहिरात त्यांनी स्वतःच केली. चित्रपट चांगलाच गाजला. खेळाच्या मालकांनीही कौतुक केले. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते: एवढ्याशा पैशात केवढे हे!

हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. ‘अशा परिस्थितीतून वर येऊन यांनी एवढे लिहिले, हेच खूप’ असे म्हणणारे पांढरपेशे समीक्षक दलित आत्मकथनांच्या पहिल्या लाटेपासून आपण पाहत आलो आहोत. दोन्ही वाक्यांची जात एकच. कृती काय म्हणते ते बाजूला राहते, आणि ती किती अडचणीतून आली याचे मोजमाप पुढे होते. पाठ थोपटणारा हात नेहमी वरून येतो. शिवाय ‘एवढ्याशा पैशात’ म्हणताना मोजपट्टी कोणाची, हेही त्यात ठरलेले असते. गरिबाचा चित्रपट श्रीमंताच्या चित्रपटासारखा दिसला की तो उत्तम!

आता या ५०० डॉलरांचा जमाखर्च जरा बारकाईने मांडला पाहिजे. त्यात संगणकाची किंमत नाही. चित्रसंस्करणाचे कसब शिकायला लागलेल्या वर्षांची किंमत नाही. रात्रंदिवस एका चौकटीवर बसून क्षितिजावर खेळातला तो आकाशाएवढा मनोरा चिकटवण्याच्या फुरसतीची किंमत नाही. मित्रांच्या फुकट श्रमाचीही नाही. फुरसत हे भांडवल आहे, ही गोष्ट अभिजनांच्या अर्थशास्त्रात कधीच लिहिली जात नाही. दिवसभर हमाली करून आलेल्या माणसाला विचारा, म्हणजे तो सांगेल. त्याहून ठळक उदाहरण २०१० सालच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट: रीबर्थ’ या चित्रपटाचे. त्याचा खर्च सुमारे साडेसात हजार डॉलर सांगितला जातो, आणि म्हणून त्याला अल्पखर्ची म्हणतात. पण दिग्दर्शक केविन टँचारोएन याने आदल्याच वर्षी ‘फेम’ हा हॉलिवूडचा चित्रपट दिग्दर्शित केला होता, आणि मायकल जाय व्हाइट व जेरी रायन ही नावाजलेली नटमंडळी त्यात उतरली होती. ज्याच्या ओळखीपाळखीच लाखमोलाच्या, त्याचे साडेसात हजार आणि यंत्रमागावरच्या मजुराचे साडेसात हजार एका रकान्यात मांडता येत नाहीत.

या चित्रपटाचे पुढे काय झाले? खेळाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे होते. त्यांनी तो पाहिला आणि टँचारोएनलाच त्याच विषयावर मालिका करायला दिली. ती २०११ साली आली. म्हणजे चित्रपट हा वस्तुतः अर्ज होता. ‘मालक, तुमचे दैवत मला तुमच्याहून चांगले सजवता येते, मला चाकरीत घ्या.’ अर्ज मंजूर झाला. यात गैर काही नाही, पोटासाठी कोणीही अर्ज करतो. पण अर्जाला आपण कलाकृतीतले बंड समजू नये. चाहत्यांच्या या निर्मितीला ‘लोकांची कला’ म्हणणारे जे विद्वान आहेत, त्यांनी हा फरक फारसा केलेला दिसत नाही.

ज्यांनी अर्ज न करता नुसती भक्ती केली, त्यांचीही गत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील काही हौशी मंडळींनी निन्टेंडोच्या ‘झेल्डा’ या खेळावरून ‘द हीरो ऑफ टाइम’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट खपून तयार केला. २००९ च्या डिसेंबरात त्यांनी तो लोकांना फुकट पाहायला ठेवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निन्टेंडोच्या सांगण्यावरून त्यांना तो काढून घ्यावा लागला. पैसा मिळवण्याचा हेतू नव्हता, निंदा नव्हती, होती ती केवळ श्रद्धा. पण देवळाची मालकी आणि देवावरची श्रद्धा या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे काळाराम मंदिराच्या दारात उभे राहिलेल्यांच्या वारसांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तुलना ताणू नये, हे मला ठाऊक आहे. अटलांटातल्या त्या भक्तांना देवळाबाहेर काढले म्हणून कोणी त्यांचे पाणी तोडले नाही. दुसऱ्या दिवशी ते आपापल्या कामावर गेले असतील. वेठ आणि हौस यांत हाच तर भेद आहे, की हौस सोडता येते. तरीही चाहत्याच्या फुकट श्रमाने मालकाच्या मालाची कीर्ती वाढते आणि त्या श्रमाचे आयुष्य मालकाच्या मर्जीवर राहते, ही रचना ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

‘सिटी १७’ कडे पुन्हा एकदा वळतो, कारण त्यात एक चुकलेली संधी आहे. मूळ खेळ २००४ सालचा ‘हाफ-लाइफ २’. त्यातले हे शहर परक्या सत्तेने व्यापलेले आहे. तोंडावर मुखवटे चढवलेले शिपाई चौकाचौकांत उभे असतात, माणसांच्या झडत्या घेतात, घरात घुसतात. या शहराची घडण करणारा कलावंत व्हिक्टर अँटोनोव्ह हा बल्गेरियातल्या सोफियाचा. पूर्व युरोपातल्या शहरांच्या भिंती, त्यांचे जिने आणि त्यांच्यावरची काजळी त्याने ओळखीने रंगवली आहे. म्हणून त्या खेळातही, बंदुकांच्या धुमश्चक्रीत का होईना, दबलेल्या वस्तीचा एक वास आहे. टोरांटोच्या भावांनी मुखवटे घेतले, बंदुका घेतल्या, मनोरा घेतला, आवाजसुद्धा खेळातलेच घेतले. वस्ती तेवढी घेतली नाही. झडती घेतला जाणारा माणूस त्यांच्या चित्रपटातून गळाला आणि पळणारा नायक राहिला. संहिता नव्हती, हे ते अभिमानाने सांगतात. नसणारच. ज्याला सांगायचे काही नाही, त्याला संहिता कशाला?

डॅन ट्रॅक्टनबर्गचा २०११ सालचा ‘पोर्टल: नो एस्केप’ याहून पुष्कळ जाणता आहे. एका कोठडीत डांबलेली बाई, मानेवर दुकानातल्या मालावर असते तशी रेघांची खूण, भिंतीवर आधीच्या कोणीतरी ओढलेले ओरखडे. मिळालेल्या हत्याराने ती भिंतीला भोके पाडून बाहेर पडते, मोकळ्या आकाशाखाली पळते, आणि ते आकाशही दुसऱ्या मोठ्या भिंतीवरचे चित्र आहे, असे तिला कळते. सात मिनिटांच्या आत, जवळजवळ एकही शब्द न बोलता हे साधले आहे. एका कुंपणातून सुटून दुसऱ्या, न दिसणाऱ्या कुंपणात येणे म्हणजे काय, हे गावकुसाबाहेरून शहरात आलेल्या आपल्या पिढ्यांनी घर भाड्याने शोधताना अनुभवले आहे. त्यामुळे तो शेवट मला भिडला. पण त्या बाईला कोणी आणि का डांबले, याचे उत्तर चित्रपटात नाही. ते खेळात आहे. खेळ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तिचे दुःख निराधार वाटते. ट्रॅक्टनबर्गला पुढे हॉलिवूडचे चित्रपट मिळाले, हे ओघाने आलेच.

मग उसन्या साधनांनी स्वतःचे बोलणे शक्यच नाही काय? आपल्याच परंपरेत याचे उत्तर आहे. तमाशाचा साचा आपल्या कलावंतांच्या घामाने घडला, पण त्यात काय गावे यावर मर्जी चालली ती पाटलाची, सरदाराची. सत्यशोधक जलशांनी तोच साचा उचलला. ढोलकी राहिली, बतावणी राहिली, सोंगाड्या राहिला. गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण यांना मात्र बाजूला सारले गेले. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी त्याच साच्यात चवदार तळे आणि काळाराम मंदिर आणले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रेक्षकाला साचा पाठ असतो. आता गवळण येणार, म्हणून तो सरसावून बसतो आणि गवळण येत नाही. दुसरेच काही येते. अर्थ त्या फटीत असतो. फट बुजवली, तर जलसा पुन्हा तमाशा होईल.

व्हिडिओ गेमच्या प्रांतात ही फट उघडी ठेवणारी एक कृती मला आढळते, ती २००५ सालची ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे.

२७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसच्या वेशीबाहेरच्या क्लिशी-सू-ब्वा या वस्तीत पोलिस मागे लागले म्हणून तीन मुले पळाली आणि विजेच्या उपकेंद्रात लपली. झायेद बेना, वय १७, आणि बूना त्राओरे, वय १५, हे दोघे विजेचा धक्का बसून जागीच मेले. तिसरा भाजला, पण वाचला. दोघेही स्थलांतरितांच्या, आफ्रिकेतून आलेल्या घरांतली मुले. त्याच आठवड्यात गृहमंत्री सार्कोझी यांनी अशा वस्त्यांतल्या पोरांना ‘मवाली’ या अर्थाचा शब्द वापरला होता. वस्त्या पेटल्या. तीन आठवडे मोटारी जळत होत्या. सरकारने ८ नोव्हेंबरला आणीबाणी पुकारली, तीही अल्जीरियाच्या युद्धकाळातला १९५५ सालचा कायदा काढून. वसाहतीत वापरलेला दंडुका वसाहतीच्या नातवंडांवर! जगभरच्या वृत्तपत्रांनी जळत्या मोटारींची चित्रे छापली. मोटार का जळते, हे मोटारीच्या चित्रातून कळत नाही.

अॅलेक्स चॅन हा त्या वेळी सत्तावीस वर्षांचा, हाँगकाँगहून आलेल्या आईबापांचा मुलगा, पॅरिसच्या उत्तरेच्या अशाच एका उपनगरात राहणारा. धंद्याने औद्योगिक वस्तूंचे आराखडे काढणारा. चित्रपटाचा त्याला काही अनुभव नव्हता. त्याच महिन्यात लायनहेड या इंग्लिश कंपनीचा ‘द मूव्हीज’ नावाचा खेळ बाजारात आला होता. खेळणाऱ्याने हॉलिवूडच्या स्टुडिओचा मालक व्हायचे, नटनट्या पोसायच्या, चित्रपट काढायचे, असा तो खेळ. त्यात तयार जागा आहेत, तयार माणसे आहेत, तयार हावभाव आहेत. प्रेमाचा प्रवेश, हाणामारीचा प्रवेश, भुताचा प्रवेश, सगळे साच्यातले. चॅनने हा खेळ घेतला आणि थोड्याच दिवसांत सुमारे तेरा मिनिटांचा चित्रपट रचून नोव्हेंबर संपायच्या आत लोकांपुढे ठेवला. क्लिशीची मुले पळतात, मरतात. नंतर काळ्या-सावळ्या तरुणांच्या गोष्टी येतात. रस्त्यात कागदपत्रे मागणारा पोलिस, कातडी पाहून नोकरी नाकारणारा मालक, आणि शेवटी हातात आलेली आग.

हॉलिवूडच्या खेळात पॅरिसची वस्ती कोठून मिळणार? चॅनच्या चित्रपटातली पॅरिसची भुयारी रेल्वे न्यूयॉर्कची आहे. ज्या उपकेंद्रात दोन मुले जळून मेली, त्याच्या जागी एक साधे खोपटे उभे आहे. माणसे बोलत नाहीत, खाली अक्षरे उमटतात, आणि ती अक्षरे इंग्रजीत आहेत, तीही चुकांनी भरलेल्या इंग्रजीत. त्यांचे हावभाव मूळच्या दुसऱ्याच कुठल्यातरी कथेसाठी बेतलेले असल्यामुळे दुःखाच्या जागी हात जरा जास्तच हलतात. टोरांटोच्या भावांनी एकेका चौकटीवर बसून हा सगळा विसंवाद पुसला असता. चॅनकडे पुसायला ना वेळ होता ना कसब, आणि मला वाटते, तितकीशी इच्छाही नसावी. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. ते खोपटे पाहताना प्रेक्षकाला क्षणोक्षणी जाणवत राहते, की या माणसाला जे दाखवायचे आहे त्यासाठी या दुनियेच्या कोठारात वस्तूच ठेवलेली नाही. स्वप्ने विकणाऱ्या कारखान्याने अंतराळयाने ठेवली, भुते ठेवली, नटीची शयनगृहे ठेवली, पण उपनगरातल्या पोराच्या मरणाची जागा ठेवली नाही. ही अनुपस्थिती चित्रपटाच्या आशयाचा भाग बनते. त्या खोपट्याइतके बोलके नेपथ्य लाखो डॉलर ओतूनही मिळाले नसते, असे मी म्हणेन, आणि हे वाक्य ‘एवढ्याशा पैशात केवढे’ या वाक्याच्या नेमके उलट आहे. तेथे गरिबी लपली म्हणून वाहवा होते. येथे ती लपवलेली नाही.

भाषेचेही तसेच. चुकीच्या इंग्रजीबद्दल चॅनला हसणारे निघालेच. आपल्या लेखकांच्या भाषेला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांची येथे आठवण व्हावी. पण दोन गोष्टींत अंतर आहे, तेही सांगितले पाहिजे. आपल्या लेखकाने जी भाषा लिहिली ती त्याच्या वस्तीची होती. चॅनने वस्तीची फ्रेंच सोडून परकी इंग्रजी घेतली, कारण आपल्या वस्त्यांविषयी परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, जे सांगितले जात होते ते त्याला खोडून काढायचे होते. म्हणजे जबानी देतानाही त्याची नजर बाहेरच्या न्यायासनाकडे होती. क्लिशीतल्या आईला तो चित्रपट वाचता आला असता काय? ही त्याची मर्यादा मला गंभीर वाटते. दुसरी मर्यादा अशी, की त्यातले तरुण अखेरपर्यंत नमुने राहतात. एकाला पोलिसाचा जाच, दुसऱ्याला नोकरीचा नकार, अशी अन्यायाची वाटणी केल्यासारखी वाटते. त्यांना घर नाही, बहीण नाही, विनोद नाही. बायका तर जवळपास नाहीतच. चेहरे कोठारातले होते हे मान्य, पण एकाच माणसाला एकाच दिवसात दोन्ही अपमान सोसायला लावून, वर त्याला हसायला लावणे साच्यातही जमले असते. आपल्या सुरुवातीच्या कथांतही हा दोष होता, आणि तो आत्मकथनांनी घालवला.

या संदर्भात आपल्याजवळचे मालेगाव वगळता येत नाही. ते प्रकरण व्हिडिओ गेमचे नव्हे, सिनेमाचे, पण जात हीच. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवलेल्या शेख नासीर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैजा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटामुळे तो उद्योग जगाला कळला. सायकल आणि बैलगाडी कॅमेरा हलवायला, हिरवे कापड आकाशात उडायला. तेथला सुपरमॅन यंत्रमागावरचा किडकिडीत मजूर. त्याचा शत्रू कोण? तंबाखू-गुटख्याची घाण पसरवणारा खलनायक. आणि तो सुपरमॅन झालेला तरुण स्वतःच पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. शहरी प्रेक्षक माहितीपट पाहताना हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते न येते, की परग्रहावरून आलेल्या त्या गोऱ्या देवमाणसाला मालेगावने गटारीच्या काठी उभे करून गावाच्या रोगाशी लढायला लावले आहे. नासीर आणि चॅन यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण दोघांनीही उसना साचा आपल्या वस्तीत आणून आपल्या उपयोगाला लावला आहे, आणि दोघांच्याही कामात शिवण दिसते.

उरला मालकीचा प्रश्न. तो चॅनच्या चित्रपटाने सुटलेला नाही. ज्या खेळाच्या पोटात तो रचला, तो करणारी लायनहेड कंपनी तिच्या मालकाने, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, २०१६ साली बंद केली. खेळातून चित्रपट करण्याच्या या प्रकारात सर्वांत मोठी झालेली टेक्सासची ‘रूस्टर टीथ’ ही संस्था २००३ साली ‘हेलो’ खेळातल्या शिपायांना बोलायला लावून उभी राहिली होती. मालकांनी परवानगी दिली म्हणून ती वाढली, मोठ्या भांडवलाच्या पोटात गेली, आणि २०२४ साली वॉर्नर कंपनीने तिला टाळे लावले. क्लिशीच्या प्रकरणात आरोपी असलेल्या दोन पोलिसांना फ्रेंच न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात निर्दोष सोडले. चॅनच्या चित्रपटात ती मुले अजूनही न्यूयॉर्कच्या गाड्यांच्या शहरात पळत आहेत आणि त्या खोपट्यात शिरत आहेत.